आणे पठारावरील तोड्याची बंदूक

जुन्नराहून पूर्वेस नगरच्या वाटेनें आणे घाट चढला कीं आणे पठार लागतें. रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीची आमटी-भाकरी ज्यांनीं चाखली आहे त्यांस या स्थळाची ओळख करून देणें नलगे. या पठारावरील एका जुन्या घरांत माळ्यावर ठेविलेली तोड्याची बंदूक आम्हीं पाहिली. घरधनी तिला शिवकालीन म्हणतात, आणि ती घासून, रोगण लावून बैठकींत टांगावी असा त्यांचा मानस आहे. पहिल्या विधानास पुरावा हवा व दुसऱ्या कृत्यास आळा हवा, म्हणून हें टिपण.

बंदुकीची घडण साधी आहे. लोखंडी पट्टी पिळून व जोडून केलेली नळी दस्त्यावर कातडी बंदांनीं आवळलेली आहे. उजव्या अंगास कान, म्हणजे रंजक धरणारी वाटी व तेथून नळींत गेलेलें छिद्र. चाप ओढला कीं घोड्यांत धरलेला पेटता तोडा कानावर येतो, रंजक पेटते व बार उडतो. पुढच्या बारासाठीं पुन्हा तोंडांतून दारू, गोळी आणि गजाची ठासणी. कांहीं देशी नळ्यांत आंतून पीळदार खांचा आढळतात, हिच्यांत नाहींत.

अशा बंदुका एकोणिसाव्या शतकापर्यंत वापरांत असल्यामुळें केवळ तोड्यावरून काळ ठरत नाहीं. १६५७ सालीं महाराजांनीं जुन्नर लुटलें हें खरें. म्हणून तालुक्यांतील प्रत्येक गंजकी नळी त्या स्वारींतली ठरत नाहीं.

याहून मोठा अतिरेक संस्कृत ग्रंथांच्या आधारें झालेला आहे. गुस्ताव ओपर्ट यानें १८८० सालीं शुक्रनीतींतील लघुनालिकाच्या वर्णनावरून प्राचीन भारतांत बंदूक होती असें प्रतिपादिलें. तें वर्णन मुळांतून वाचावें. पांच वितस्ती, म्हणजे सुमारें ४५ इंच, लांबीची नळी, नेमासाठीं मुळाशीं व टोकाशीं तिळाएवढे बिंदू, लाकडी दस्ता, दारू ठासण्याची शलाका, आणि कर्णाशीं यंत्राच्या आघातानें अग्नि पाडणारा दगड. येथें तोडा नाहीं, गार आहे! गारेचा चाप यूरोपांत सतराव्या शतकाच्या आरंभीं सिद्ध झाला, आणि अठराव्या शतकांतील इंग्रजी फौजेच्या लांब बंदुकेची नळी ४६ इंच होती. श्लोककर्त्यानें गारेची बंदूक पाहिली होती, हाच सरळ अर्थ. त्याचा 'कर्ण' म्हणजे कारागिराच्या 'काना'चें संस्कृत रूप असावें असें आम्हांस वाटतें. राजव्यवहारकोशाचा शस्त्रवर्ग ज्यांनीं चाळला आहे त्यांस असें रूपांतर नवें वाटणार नाहीं.

आतां जीर्णोद्धाराविषयीं. प्रथम बंदूक रिकामी आहे याची खात्री करावी. गज तोंडांतून बुडापर्यंत घालून खूण करावी व तीच लांबी बाहेरून नळीवर ताडून पाहावी. गज कानाच्या अलीकडेच अडला तर जुना बार आंत आहे असें समजून ती जाणत्याच्या स्वाधीन करावी. कोरडी राहिलेली दारू शंभर वर्षांनींही पेटते. गंज पातळ तेल व मऊ कापड यांनीं हळूहळू सोडवावा. वाळूकागद व आम्ल वर्ज्य. नळीच्या बुडाशीं शिलेखान्याचा अंक किंवा मालकाची खूण कोरलेली असते; ती घासून टाकणें म्हणजे पोथी सुबक दिसावी म्हणून समासांतील टिपा कापणें होय. तुटलेला घोडा नवा करावयाचा तर त्यावर करणीचें साल कोरावें. कागद छापतांना तर्कानें भरलेलीं अक्षरें आपण कंसांत घालतों, तोच न्याय येथें.

या बंदुका आज इतक्या थोड्या कां, याचें कारण गंजापेक्षां कायद्यांत अधिक आहे. १८५७ नंतर शस्त्रें काढून घेण्याचें धोरण आलें व १८७८ च्या कायद्यानें तें पक्कें झालें. त्यापूर्वींच, १८७१ सालीं, इंग्रजी फौजेनें मार्टिनी-हेन्री स्वीकारली होती. तीही एकाच बाराची, परंतु खालची दांडी ओढतांच ठोकळा उतरून काडतूस मागून भरतां येई. ठासणीची गरजच उरली नाहीं. पुढें ईशापूरच्या कारखान्यानें पोलिसांसाठीं कांहीं ली-एनफील्ड रायफली मुद्दाम एकबारी केल्या: खजिन्यांत लाकडी ठोकळा बसविला आणि नळी गुळगुळीत ठेविली. कोणाच्या हातीं किती बार द्यावे, हा विचार त्या ठोकळ्यांत स्पष्ट दिसतो.

१९५९ च्या शस्त्र-अधिनियमाच्या ४५ व्या कलमांत जुन्या घडणीच्या किंवा पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या हत्यारांस सूट आहे, पण तें दुरुस्त करूनही उडवितां येण्याजोगें नसेल तरच. तेव्हां आणे येथील धन्यांनीं घोडा बदलण्यापूर्वीं पोलिस कचेरींत विचारावें, आणि रोगणाचा डबा दुकानांतच राहूं द्यावा.