भुईमुगाची पेर आणि वाण : इंदापूर-बारामतीच्या शेतीच्या इतिहासातील एक प्रश्न

पिकाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम वाणाकडे वळते. वाणास नाव असते, प्रसाराचे वर्ष असते. पेरणीच्या वेळेची अशी नोंद क्वचितच मिळते. त्यामुळे उत्पन्नवाढीचे सारे श्रेय वाणास देण्याचा मोह होतो. इंदापूर व बारामती या तालुक्यांपुरता तरी हा निष्कर्ष अपुरा आहे, असे येथे दाखवावयाचे आहे.

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतील. मराठीने या परक्या पिकास ओळखीच्या मुगाचे नाव देऊन आपलेसे केले. शेतकऱ्यांनी त्याचे पसरी, निमपसरी व उपटी असे प्रकार मानले. ‘उपटी’ या शब्दात काढणीची रीतच सांगितलेली आहे : झाड धरून उपटले की शेंगा हाती येतात. उपटी वाण लवकर तयार होतात; परंतु त्यांच्या दाण्यांस सुप्तावस्था जवळजवळ नसते. काढणीस विलंब होऊन पाऊस आला, तर दाणे जमिनीतच उगवतात. पसरी वाणांस वेळ अधिक लागतो, पण ते हा विलंब बऱ्याच अंशी सोसतात. वाण निवडणे म्हणजे पेरणीची व काढणीची वेळ निवडणेच होय.

आता वेळेविषयी. खरीप भुईमुगाची पेर जून-जुलैच्या संधीपलीकडे लांबली की उत्पन्न घटते. मृग-आर्द्रांच्या जुन्या गणनेचे मर्म हेच. परंतु इंदापूर हा पर्जन्यछायेतील मुलूख. येथील पावसाचा मोठा भाग सप्टेंबरात पडतो. मृगाचा भरवसा येथे कसा धरावा? एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि नक्षत्राशेजारी पाण्याची ‘पाळी’ उभी राहिली. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमाकाठची स्थिती पालटली.

पाण्यामुळे उन्हाळी भुईमूग शक्य झाला. त्याची पेर साधारणतः १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी या काळात व्हावी लागते. तत्पूर्वी थंडीने उगवण मंदावते. नंतर पेरल्यास आऱ्या सुटण्याच्या वेळी कडक उन्हाळा गाठतो व काढणी पावसाच्या तोंडावर येते. एस. बी. ११ (१९६५), जळगावचा जे. एल. २४ अर्थात फुले प्रगती (१९७८) आणि टी. ए. जी. २४ (१९९१) हे उपटी वाण या बदललेल्या काळात आले. शेवटच्या नावात ट्रॉम्बे व अकोला ही दोन गावे दडलेली आहेत. काढणीची रीत मात्र नावातून लोपली.

तात्पर्य, दोन दशकांचे उत्पन्न ताडून पाहताना वाणाबरोबर हंगाम, पेरणीचा पंधरवडा व पाण्याची पाळीही तपासली पाहिजे. पाळीची वाट पाहत ज्याची पेर पंधरा दिवस लांबली, त्याच्या तुटीचा दोष वाणास अथवा त्याच्या आळसास लावणे हा इतिहासाच्या दृष्टीने अन्याय होय.