फेरात जागा



लहान मुलांच्या नाचाविषयी बोलायला आम्ही उभे राहिलो, याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. आमचा जन्म मोर्च्यांत आणि वाटाघाटींत गेला. शाळा सातवीला सुटली. पुढचे वाचन संघटनेच्या कचेरीत, दिव्याखाली झाले. पण विषयच आमच्या दारी चालत आला. एका सफाई कामगाराची सहा वर्षांची मुलगी, एक पाय अधू. शाळेच्या संमेलनात तिच्या वर्गाचा नाच बसला आणि हिला सांगण्यात आले, "तू बाजूला बसून टाळ्या वाजव." बाप तक्रार घेऊन आला नव्हता. त्याने एवढेच विचारले, "भाऊ, नाचायला पाय धडच लागतो का?" आम्हांस उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता आम्ही इतिहासात शिरलो.

आपल्याकडे नाच नव्हता असे नाही. मात्र प्रत्येक नाचाला कुंपण होते. मंगळागौरीचा झिम्मा माजघरात, लेझीम तालमीत, लावणी फडावर. फडावर नाचणारीला टाळ्या मिळत, पण तिच्या मुलीला शेजारी बसवून घेणारे थोडे. आणि शाळेत? तेथे हाताची घडी, तोंडावर बोट!

ही घडी सोडविण्याचे काम भावनगरला सुरू झाले. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली तेथे बालमंदिर काढले. माँटेसोरीबाईंच्या पद्धतीत मूल रेषेवरून तोल सांभाळीत चालते. गिजुभाईंनी त्या पद्धतीला आपली गाणी, गोष्टी, नाटके आणि नाच जोडले. ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली दादरला शिशुविहार उभा राहिला. परंतु महागडी साधने आणि शहरी बालक, एवढ्यावर ताराबाईंचे समाधान होईना. १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबत झाल्या. वस्तीवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी ती हीच! १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. साधने कोणती? शिंपले, खडे, बिया, पाने. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरू लागली. मूल शाळेला जुळत नसेल तर शाळा मुलाला जुळवून घ्यायची, हा त्यातला सिद्धांत.

हा वारली मुलूख. येथला तारपा वाळल्या भोपळ्याचा, बांबूच्या नळ्यांचा आणि ताडपानांच्या कर्ण्याचा. वाजवणारा मध्ये, भोवती एकमेकांच्या कमरेला हात घातलेली माणसांची साखळी. पुढचा गडी घुंगुरकाठी आपटून ठेका धरतो. या फेरात पहिली रांग नाही, रंगमंच नाही. अधू मुलांसाठी तो मुद्दाम रचला आहे, असा आमचा दावा नाही. पण ज्याचा पाय अडखळला त्याला शेजारचा हात तोलून धरतो. हे रांगेत होत नाही. बालशिक्षकाने घ्यावे ते येथूनच घ्यावे. आधी फेर, मग ठेका, मग पावले; ज्याला पाऊल जमत नाही त्याने हाताने, मानेने, आवाजाने ठेका द्यावा, पण फेरात बसून, बाहेर नव्हे.

त्याच १९४५ साली, त्याच मुलखात, गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणारा लग्नगडी ताठ उभा राहिला. आम्हा चळवळीतल्या माणसांना या उठावाचा अभिमान. कोसबाडचे नाव मात्र आम्ही फार उशिरा ऐकले. मजुरी, तास, बोनस आम्ही मोजले. मजुराचे मूल फेरात आहे की नाही, हे मोजायचे राहून गेले. ही चूक आमची.

१९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली आणि अंगणवाडी देशभर गेली. पण तेथल्या बाईला मिळते ते मानधन. वेतन हा शब्द तिच्या वाट्याला आला नाही. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडीताई संपावर बसल्या, त्या एवढ्यासाठीच. जी बाई प्रत्येक मुलाला फेरात घेते, तिलाच आपण कामगारांच्या फेराबाहेर ठेवले, तर तिने कोणत्या बळावर नाचवावे?

त्या बापाला उत्तर द्यायचे राहिले होते. आम्ही वस्तीतल्या अंगणवाडीताईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मुलीला घेऊन या, भाऊ." त्यांनी तिच्या कुबडीलाच घुंगरू बांधले आणि सांगितले, "ठेका तुझा. तू आपटशील तेव्हा आम्ही पाऊल उचलू." पहिल्यांदा फेर चारदा मोडला; मुले हसली, तीही हसली. पाचव्यांदा जमला. बाप दाराशी उभा होता. त्याला आम्ही काही सांगावे असे उरले नव्हते.