कागदावरची नदी

अमेरिकेतील नेवाडा राज्यात सेंट टॉमस नावाचे एक लहानसे गाव होते. १८६५ साली मॉर्मन पंथीयांनी ते वसविले. पुढे कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरण उभे राहिले, त्यामागे मीड सरोवराचे पाणी चढत गेले आणि १९३८ साली गाव बुडाले. आज त्या गावातील घरांची जोती आणि शाळेच्या पायऱ्या पुन्हा उघड्यावर आल्या आहेत. बुडालेले गाव वर यावे, ही ऐकायला मोठी मौजेची गोष्ट. परंतु गाव वर आले याचा अर्थ पाणी खाली गेले! आणि याच पाण्यावर लास व्हेगास हे वाळवंटातील शहर जगते. तेथे वर्षाकाठी जेमतेम चार इंच पाऊस पडतो. शहराचे सुमारे नव्वद टक्के पाणी या सरोवरातून येते.

हे असे का झाले? पाऊस रुसला, हे उत्तर खरे. पण ते अर्धेच. उरलेल्या अर्ध्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

१९२२ च्या नोव्हेंबरात सात राज्यांचे प्रतिनिधी न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे नदीची वाटणी करावयास बसले. अध्यक्षस्थानी होते हर्बर्ट हूव्हर. पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. वरच्या खोऱ्याला वर्षाला ७५ लाख एकर-फूट आणि खालच्या खोऱ्याला तेवढेच, असा करार झाला. एक एकर जमिनीवर फूटभर उभे राहील इतके पाणी म्हणजे एक एकर-फूट. १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी १५ लाख देऊ केले. बेरीज झाली १६५ लाखांची.

मेख अशी, की करारापूर्वीची काही वर्षे नदीचा हात फार सढळ होता. झाडांच्या खोडांतील वलये ओल्या वर्षी रुंद व कोरड्या वर्षी अरुंद होतात. ती मोजून आता कळले आहे, की तो काळ कित्येक शतकांतील अत्यंत ओल्या काळांपैकी एक होता. म्हणजे सुगीत कणगी पाहिली आणि तेवढे धान्य दरसाल पिकणार असे धरून वाटण्या केल्या. ई. सी. लारू या सरकारी जलतज्ज्ञाने त्याच दशकात बजावले होते, की नदीत एवढे पाणी नाही. पण वाटणीला बसलेल्या भावांना कणगी रिती आहे असे सांगणारा कधी आवडतो का? नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आदिवासी जमातींना तर त्या बैठकीचे बोलावणेच नव्हते.

कागदावर पाणी होते, म्हणून शहरे वाढली. १९२० साली लास व्हेगासची वस्ती अडीच हजारांच्याही आत होती. आज परिसरासह ती वीस लाखांहून अधिक आहे. ॲरिझोनाने ३३६ मैलांचा कालवा काढून नदीचे पाणी फिनिक्स आणि टूसॉनला नेले. मग २००० पासून अवर्षण लागले. पर्वतांवरचे बर्फ घटले, वाढत्या उष्म्याने जमिनीची ओल हिरावली. नदीचे पाणी सरासरीने सव्वाशे लाखांच्या आसपास आले. २०२१ साली केंद्र सरकारने प्रथमच या नदीवर टंचाई जाहीर केली. २०२२ च्या जुलैत सरोवर १९३७ नंतरच्या सर्वांत खालच्या पातळीवर गेले.

लास व्हेगास मात्र हातपाय गाळून बसले नाही. त्याने सरोवराच्या तळाशी बोगदा खणून पाणी घेण्याची सोय केली. घरांतील सांडपाणी शुद्ध करून पुन्हा सरोवरात सोडले जाते. केवळ शोभेच्या हिरवळीवर २०२१ साली कायद्याने बंदी आली. लोकसंख्या लाखांनी वाढली, तरी नदीतून घेतलेले पाणी २००२ पेक्षा कमी झाले. पण नदीचे बहुतेक पाणी शेतीला जाते, आणि नेवाडाचा वाटा अवघा तीन लाखांचा. एकट्या शहराने काटकसर करून सारी तूट कशी भरून निघणार?

मी शाळामास्तर. पोरांचे गणित तपासताना नेहमी पाहतो, की पोराची रीत बरोबर असते, पण पहिलाच आकडा चुकीचा उतरलेला असतो. मग पुढे कितीही नीट मांडले तरी उत्तर चुकतेच. सांता फेच्या बैठकीत नेमके हेच झाले. पोराची वही मी परत देतो आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा मांड म्हणतो. नदीच्या वाटेकऱ्यांनाही आपला वाटा सोडायची तयारी ठेवून, तसेच पहिल्या ओळीपासून मांडावे लागेल.