घाट, गिअर आणि डावा पाय

शहापूर-मुरबाडच्या माणसाला घाट काही नवा नाही. मुरबाडच्या माथ्यावर नाणेघाट. सातवाहनांच्या काळी कोकणपट्टीचा माल त्या वाटेने जुन्नरकडे चढत असे. शहापूरच्या अंगाला कसाऱ्याचा थळघाट. तेथे १८६५ साली आगगाडी इगतपुरीला चढली, ती ३७ फुटांमागे एक फूट अशा चढावर, मागून ढकलायला जादा इंजिन लावून.

पुढे मोटार आली, आणि घाटाचा भार ड्रायव्हरच्या डाव्या हातावर व डाव्या पायावर पडला. जुन्या लॉऱ्यांत दोनदा क्लच दाबून इंजिनाचा आणि चाकांचा वेग जुळवावा लागे. नाही जुळला की दातावर दात खडखडत आणि उतारावर गाडी मोकळी सुटे. अमेरिकेत १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत हे वेग जुळवून देणारी सिंक्रोमेशची योजना आली. १९३९ साली ओल्ड्समोबाईल मोटारीसाठी 'हायड्रामॅटिक' जाहीर झाला, आणि क्लचचे पेडलच गेले! इंजिन व गिअर यांच्यामध्ये तेल आले. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला की दुसरा हळूहळू फिरू लागतो ना, तसेच हे. वाऱ्याच्या जागी तेल, एवढेच.

आपल्या साध्या घरांपर्यंत ही सोय पोचायला बराच काळ गेला. २०१४ साली सेलेरिओ गाडी आली, तिच्यात गिअरबॉक्स जुन्याच तऱ्हेचा, क्लचही आहे; फक्त तो दाबण्याचे काम यंत्र करते.

गेल्या पावसाळ्यात एका स्नेह्याच्या अशाच गाडीतून मी इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरत होतो. पेट्रोल वाचावे म्हणून त्यांनी दांडा न्यूट्रलमध्ये टाकला. चार वळणांत ब्रेकचा जळका वास आला, पेडल मऊ लागू लागले. खोटे कशाला सांगू, माझ्या तोंडचे पाणी पळाले. कशीबशी गाडी कडेला थांबवून आम्ही अर्धा तास बसून राहिलो. बरे, पेट्रोलही वाचले नव्हतेच. गिअरमध्ये राहून पाय उचलला की आजची इंजिने इंधन तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते.

'डी'वर ठेवूनही भागत नाही. पाय उचलताच यंत्राला वाटते, आता जोर नको, आणि ते वरचा गिअर टाकते. पुढे उतार आहे हे त्याला कोठून दिसणार? म्हणून उतार लागण्याआधीच दांडा 'एल'वर किंवा 'एम'वर घेऊन खालचा गिअर धरावा. मग गाडीला इंजिनच आवरते.

तेलाच्या जातीच्या गाड्यांत, पुस्तकात सांगितलेले तेलच घालावे. त्याच्याच दाबावर गिअर बदलतात. आणि अशी गाडी घाटात बंद पडली, तर ट्रॅक्टरला दोर बांधून शहापूरपर्यंत ओढू नका. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, आणि आतले भाग कोरडे घासतात. ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो ती उचलून, नाहीतर सबंध गाडीच ट्रकवर घालून न्यावी.