तालीम आणि तब्येत : दख्खनमधल्या अरबी शिक्षणाची एक विसरलेली बाजू

१/ 'तालीम' आणि 'तब्येत' हे दोन्ही शब्द मराठीत अरबीतून आले. अरबीत 'तालीम' म्हणजे शिकवणे. मराठीत ती पैलवानांचा आखाडा आणि नाटकाचा सराव झाली. 'तब्येत' म्हणजे मूळचा स्वभाव, पुढे शरीरप्रकृती. शिकवणे आणि शिकणाऱ्याची प्रकृती सांभाळणे ही दोन कामे एकेकाळी या मुलखात एकाच छपराखाली चालत. त्याविषयीचा हा धागा.

२/ अरबी येथे किती मुरली होती, हे मोडी कागद वाचणाऱ्यांना ठाऊक असते. मराठेशाहीतील पत्रांवर 'इहिदे सबैन व अलफ' अशी वर्षे आढळतात. इहिदे म्हणजे एक, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार. हा शुहूर सन १०७१, म्हणजेच इ. स. १६७०-७१. मृगापासून सुरू होणारे हे वर्ष शेतीच्या चक्राशी जुळलेले, पण त्याचे आकडे अरबी.

३/ या भाषेच्या उच्च शिक्षणाचे दख्खनमधील सर्वांत ठळक स्मारक बीदरला आहे. आजही मराठी बोलली जाणाऱ्या या सीमाभागात बहमनी वजीर महमूद गवान याने १४७२ च्या सुमारास मदरसा उभारला. गवान मूळचा इराणमधील गिलानचा. व्यापारी म्हणून तो कोकणातील दाभोळ बंदरात उतरला आणि पुढे राज्याचा वजीर झाला.

४/ मदरशाची इमारत तीन मजली. दर्शनी भागावर रंगीत फरशांची नक्षी आणि कुराणातील वचने, आत मशीद, व्याख्यानाची दालने, सुमारे ३,००० हस्तलिखितांचे ग्रंथालय. मात्र तिच्या आराखड्यात लक्ष वेधून घेतात त्या राहण्याच्या खोल्या. विद्यार्थी आणि अध्यापक एकाच वास्तूत राहत. सकाळच्या पाठाला एखादा आला नाही, तर तो कुठे आहे हे शोधायला अंगण ओलांडले की पुरे.

५/ दूरस्थ विद्येचे मोलही गवानला माहीत होते. त्याचा फारसी पत्रसंग्रह 'रियाज-उल्-इन्शा' प्रसिद्ध आहे. हेरातच्या जामी या कवीशी त्याचा पत्रव्यवहार होता. जामी कधी दख्खनला आला नाही. त्याची पत्रे आली. विद्या पत्रातून समुद्र ओलांडू शकते, हे गवान जाणत होता. तरीही विद्यार्थ्यांसाठी त्याने खोल्या बांधल्या.

६/ १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे गवानवर फितुरीचा आरोप ठेवून सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला. मदरसा मात्र पुढे दोन शतके उभा राहिला. १६९६ मध्ये मोगल अमलात दारूच्या स्फोटाने त्याचा मोठा भाग कोसळला. उरलेला मिनार आणि भिंती आजही पाहता येतात.

७/ विजापूरची कथा अधिक घरगुती आहे. 'बसातीन-उस्-सलातीन' या आदिलशाहीच्या इतिहासात आसार महालातील मदरशांचे वर्णन येते. विद्यार्थ्यांना अरबी-फारसी ग्रंथ मिळत, महिन्याला एक होन मिळे आणि दोन वेळचे जेवण मिळे. संध्याकाळच्या ताटात गव्हाची रोटी आणि खिचडी असे, इतका बारीक तपशील इतिहासकाराने टिपून ठेवला आहे. राजांच्या लढायांबरोबर विद्यार्थ्यांची खिचडी नोंदवावीशी वाटणे, यातच त्या व्यवस्थेची प्रतिष्ठा दिसते.

८/ पुण्यातही हे भान निराळ्या रूपात होते. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यात उपकाराचे ओझे होते आणि जातीच्या भिंतीही होत्या. पण मुलगा वाराला आला नाही, तर कोणाच्या तरी स्वयंपाकघरात ते लक्षात येई.

९/ १९७१ मध्ये डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी सिंबायोसिसची स्थापना केली. तिचे मूळ एका आजारपणात आहे. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे ते प्रमुख असताना मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने अंथरुणाला खिळला होता आणि एक मैत्रीण त्याला खिडकीतून जेवण देत होती. परदेशी विद्यार्थ्याला या शहरात आपले कोणी नाही, हे त्या खिडकीने दाखवून दिले. त्याच सिंबायोसिसच्या काही संस्था आज हिंजवडीत आहेत.

१०/ हिंजवडीतील भाड्याच्या खोलीत बसून आता अरबी ऑनलाइन शिकता येते. कैरोचा शिक्षक पडद्यावर येतो. घशातून उच्चारायचा 'ऐन' तो दहा वेळा म्हणून दाखवतो. ग्रंथालय खिशात मावते. गवानने ज्यासाठी संपत्ती ओतली, ते जवळजवळ सगळे स्वस्त झाले आहे. सुटले ते एवढेच: अंगण आणि ताट. कॅमेरा बंद ठेवलेला विद्यार्थी झोपला आहे, आजारी आहे की आठवडाभर कोणाशी बोललेला नाही, हे त्या काळ्या चौकोनावरून कळत नाही.

११/ म्हणून ऑनलाइन वर्गाला कमी लेखण्याचे कारण नाही. ज्याला बीदर कधीच परवडले नसते, त्याच्यापर्यंत तो पोचतो. मात्र वर्गाच्या आरंभीची पाच मिनिटे विचारपूस, दोन-दोन विद्यार्थ्यांच्या जोड्या, गैरहजर मुलाला त्याच दिवशी एक फोन, हे सारे पाठाचाच भाग मानावे लागेल. मन फारच खचले असेल, तर 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीतही बोलतो.

१२/ अरबीच्या पहिल्याच धड्यात 'कैफ हालुक?' हा प्रश्न येतो: तुझा हाल कसा आहे? अरबीत 'हाल' म्हणजे केवळ स्थिती. मराठीत मात्र 'हाल' म्हटले की कष्टच समोर येतात. हा प्रश्न शिकवून पुढच्या धड्याकडे वळण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्या उत्तरासाठी क्षणभर थांबावे.