दमदमच्या कारखान्यातली 'शीळ'

बराकपूर म्हटलं की आपल्याला मंगल पांडे आठवतात, २९ मार्च १८५७ आठवतो. त्या काडतुसांची कुजबुज आधी सुरू झाली ती जवळच्या दमदमला. हे दमदम आज बराकपूर उपविभागात येतं. आज मात्र काडतुसांबद्दल बोलायचं नाही. त्याच दमदममध्ये पुढे मराठी भावगीत छापलं गेलं, त्याची ही गोष्ट. 'छापलं' हा शब्द मुद्दाम वापरतोय.

आपल्याकडच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड, अगदी १९०२ सालच्या गौहरजानच्यासुद्धा, जर्मनीत हानोव्हरला छापून परत यायच्या. १९०८ मध्ये ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात सियालदहला कारखाना काढला आणि वीस-एक वर्षांनी तो दमदमला जेसोर रोडवर हलवला. कच्चा माल हाताशीच होता. रेकॉर्ड बनायची लाखेपासून, आणि लाख यायची छोटा नागपूरच्या जंगलातून. मुंबईत गायलेलं गाणं मेणाच्या तबकडीवर कोरलं जायचं. त्यावरून धातूचा साचा बनायचा. मग लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या गरम गोळ्यावर तो साचा दाबला की रेकॉर्ड तयार! एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं. भावगीताची लांबी कवींनी नव्हे, या तबकडीने ठरवली, असं माझं मत आहे.

१९३२ च्या सुमारास या कारखान्यातून एक मराठी गाणं बाहेर पडलं. कवी ना. घ. देशपांडे, कविता 'शीळ', चाल आणि आवाज जी. एन. जोशी यांचा. दोघेही विदर्भाचे, दोघेही वकिलीचं शिक्षण घेतलेले. रानातून शीळ ऐकू येते आणि एक मुलगी अस्वस्थ होते, एवढाच विषय. पण गाणं घराघरात गेलं, इतकं की मराठी भावगीताची सुरुवातच अनेकजण तिथून मोजतात. त्याआधी कविता गायल्या जात नव्हत्या का? जात होत्या. रविकिरण मंडळाचे कवी आपल्या कविता गावोगाव म्हणून दाखवायचे. पण ते ऐकायला कवीच्या समोर बसावं लागायचं.

आणि नाटकातलं पद? त्यात आवाज पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवावा लागे. मायक्रोफोन आला आणि ती सक्ती संपली. कानाशी बोलावं तसं हळू गाता येऊ लागलं.

गंमत बघा, त्याच सुमारास जपानमध्येही हेच चाललं होतं. १९३१ मध्ये तिथे एक गाणं तुफान गाजलं. नावाचा अर्थ साधारण असा: ही साके, ही दारू, म्हणजे अश्रू की उसासा? संगीत मासाओ कोगा यांचं. गायक इचिरो फुजियामा हा संगीत शाळेत शिकणारा विद्यार्थी, त्यानेही मायक्रोफोनसमोर हलक्या आवाजात गायलं. शब्द लिहिणारे किकुतारो ताकाहाशी दूर होक्काइदोतल्या हाकोदातेचे वर्तमानपत्रवाले. तिथला वार्ताहर, इथला मेहकरचा वकील! पुढे अशा हळव्या गाण्यांना जपानमध्ये 'एन्का' म्हणू लागले. तसा एन्का हा शब्द मूळचा रस्त्यावरच्या राजकीय भाषण-गाण्यांचा. विरहगीतांना तो चिकटला साठच्या दशकाच्या अखेरीस. आपलं 'भावगीत' हे नाव त्यामानाने सरळ आहे.

आता मला खटकणारी गोष्ट सांगतो. जोशी १९३८ मध्ये त्याच रेकॉर्ड कंपनीत नोकरीला लागले आणि ध्वनिमुद्रणातला मोठा माणूस झाले. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली', म्हणजे शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरांची ती प्रसिद्ध रेकॉर्ड, त्यांच्याच देखरेखीखाली झाली. ना. घ. मात्र मेहकरलाच राहिले. त्यांचा पहिला संग्रह, नाव पुन्हा 'शीळ', निघाला १९५४ मध्ये. गाणं गाजून वीस वर्षं उलटली होती! साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला १९८६ मध्ये, 'खूणगाठी'साठी. तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते.

मधल्या त्या वीस वर्षांत कितीतरी घरांत फोनो वाजला असेल. सुई लावणाऱ्यांपैकी किती जणांना कवीचं नाव माहीत होतं? आणि साचा दाबणाऱ्या दमदमच्या कामगाराला तर ती भाषाही येत नसावी. तुमच्या घरी माळ्यावर जुन्या रेकॉर्ड असतील तर एकदा काढा, मधला गोल कागद पुसून वाचा. त्यावर गायकाचं नाव ठळक दिसेल. कवीचं शोधून बघा, आणि सापडलं तर मला जरूर कळवा.