आहारतज्ज्ञाचे रुग्णालयीन प्रशिक्षण : एक ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : सटाणा परिसर)

प्रस्तावना :
रुग्णाच्या आहाराचा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात रुग्णगृहाचे वर्णन असून, त्यात परिचारकांबरोबर वरण-भात रांधण्यात कुशल असलेल्या आचाऱ्यांचाही उल्लेख येतो. तथापि रुग्णाच्या आहाराचा शास्त्रशुद्ध हिशेब करणारी स्वतंत्र, प्रशिक्षित व्यक्ती ही विसाव्या शतकाची देणगी होय. ही व्यक्ती रुग्णालयात कशी घडत गेली आणि तिच्या प्रशिक्षणाचा सटाण्यासारख्या ग्रामीण परिसराशी कोणता संबंध पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
क्रिमियन युद्धात १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. पुढील वर्षी अॅलेक्सिस सोयर या पाककुशल आचाऱ्याने तेथील स्वयंपाकघर सुधारले. १८५९ च्या आपल्या शुश्रूषाविषयक ग्रंथात नाइटिंगेल यांनी आहारावर स्वतंत्र प्रकरणे लिहिली. रुग्णाने प्रत्यक्षात काय, किती व केव्हा खाल्ले याच्या निरीक्षणाला त्यांनी रासायनिक विश्लेषणापेक्षा अधिक महत्त्व दिले. १९१७ मध्ये अमेरिकेत आहारतज्ज्ञांची संघटना स्थापन झाली आणि १९२७ मध्ये तिने रुग्णालयातील प्रशिक्षणाचे निकष ठरविले. आंतरवासितेची परंपरा येथून दृढ झाली.

भारतात या विद्येचा पाया प्रयोगशाळेत घातला गेला. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूर येथे सुरू केलेल्या संशोधनातून पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे कोष्टक १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. याच प्रयोगशाळेत काही काळ कार्यरत असलेल्या डॉ. कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली होती. पुढे मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. दुसरीकडे, महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापिलेल्या महिला विद्यापीठाने गृहजीवन व आरोग्य या विषयांना अभ्यासक्रमात स्थान दिले. १९६३ मध्ये भारतीय आहारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली. नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होण्यासाठी पदव्युत्तर शिक्षणानंतर सहा महिन्यांच्या रुग्णालयीन आंतरवासितेची अट तिने घातली.

प्रशिक्षणाचे स्वरूप :
आंतरवासीला कोष्टके पाठ असतात. रुग्ण मात्र कोष्टकाप्रमाणे जेवत नाही. म्हणून तिचा दिवस रुग्णकक्षातील फेरीने सुरू होतो. ती तपासणी अहवाल वाचते, मागील चोवीस तासांत रुग्णाने काय खाल्ले ते विचारते, उष्मांक व प्रथिनांचा हिशेब मांडते. नंतर स्वयंपाकघरातून निघणारे प्रत्येक ताट आहारपत्रकाशी ताडून पाहते. नळीवाटे द्यावयाचा प्रवाही आहार, मूत्रपिंडविकारात पोटॅशियमचे नियंत्रण, इन्सुलिन आणि जेवणाची वेळ यांचा मेळ या गोष्टी ती येथेच शिकते. परत आलेल्या ताटातील उष्टे अन्न हा तिचा मोठा शिक्षक होय; आखलेला आहार आणि पोटात गेलेला आहार यांतील अंतर तेथे दिसते.

सटाणा परिसराचा संदर्भ :
आहारशास्त्राचे स्वतंत्र विभाग प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांत असल्याने हे प्रशिक्षण स्वाभाविकपणे महानगरकेंद्री राहिले. सटाणा हे बागलाण तालुक्याचे मुख्यालय. तालुक्याच्या मैदानी भागात बाजरीची भाकरी व ठेचा, तर साल्हेर-मुल्हेरच्या डोंगराळ आदिवासी पट्ट्यात नागली हे नित्याचे अन्न. घरोघरी अहिराणी बोलली जाते. महानगरात शिकलेली आंतरवासी ओट्स आणि ब्राऊन ब्रेडचे आहारपत्रक घेऊन येथे आली, तर मधुमेही शेतकरी ते मुकाट्याने ऐकून घेईल आणि घरी भाकरीच खाईल. भाकरी किती, कशासोबत आणि दिवसातून किती वेळा, हे सांगणारा सल्लाच त्याच्या उपयोगी पडतो.

कुपोषित बालकांच्या बाबतीत तर हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो. पोषण पुनर्वसन केंद्रांसाठी २०११ मध्ये केंद्र शासनाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत वैद्यकीय अधिकाऱ्यांबरोबर पोषण समुपदेशक व स्वयंपाकी यांनाही स्थान आहे. बालकाला टप्प्याटप्प्याने विशेष आहार द्यावयाचा आणि आईला घरच्या धान्यापासून पोषक अन्न करावयास शिकवावयाचे, अशी तेथील कार्यपद्धती आहे. मूल घरी परतल्यावर त्याचे वजन टिकणे बव्हंशी या दुसऱ्या कामावर अवलंबून असते.

निष्कर्ष :
२०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने आहारतज्ज्ञाच्या व्यवसायाला वैधानिक मान्यता दिली. आता प्रशिक्षणाच्या स्थळाचाही विचार व्हावयास हवा. आंतरवासितेतील काही आठवडे ग्रामीण रुग्णालयात व पोषण पुनर्वसन केंद्रात अनुभवी आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली घालविणे आवश्यक करावे आणि परिसरातील महाविद्यालयांनी स्थानिक अन्नपदार्थ व बोलीतील आहारविषयक शब्दांची नोंद करून त्यास साहाय्य करावे, असे सुचवावेसे वाटते. या विद्येचा इतिहास प्रयोगशाळेकडून रुग्णशय्येकडे सरकलेला दिसतो. रुग्णाच्या चुलीपर्यंतचे अंतर तिला अद्याप चालावयाचे आहे.